सगळ्यांत दणकट सुपरहिरो कोण? नवी पेठेतल्या कट्ट्यावरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी संध्याकाळी सोलापूरच्या नवी पेठेच्या मागच्या बोळात चहाच्या टपरीवर आम्ही सात-आठ जण जमतो. वयं चौदा ते चोपन्न. दोन शाळकरी पोरं, यंत्रमागावरचा एक जॉबर, बँकेतले एक कारकून, तालमीतले वस्ताद, बारावीची एक मुलगी, आणि मी, जो चादरींच्या दुकानात बसतो. विषय एकच: कॉमिकमधला कोण किती मार खाऊ शकतो. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न विचारतो, आमचा अर्धा तास जातो आणि चहा गार होतो. म्हणून ही लेखी उत्तरं. जिथं कट्ट्यात फूट आहे तिथं मी माझं मत बिनदिक्कत लिहिलंय. लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलं त्याची एवढी तरी वसुली हवी.

एका वाक्यात सांगा ना, सगळ्यांत दणकट कोण?

आधी तुम्ही सांगा, दणकट म्हणजे काय?

चिडू नका. पहिल्याच रविवारी या एका शब्दावरून आमची जुंपली होती. कारकूनसाहेब म्हणत होते ज्याच्या अंगावर ओरखडा उठत नाही तो दणकट. जॉबर म्हणत होता जो शेवटपर्यंत उभा राहतो तो. तेव्हा वस्तादांनी डब्यातली ज्वारीची कडक भाकरी काढली. आपली सोलापूरची, महिनाभर टिकणारी, पापडासारखी वाळलेली. बोटानं दाबली, दबली नाही. मग गुडघ्यावर आपटली. टक्कदिशी पाच तुकडे, त्यातला एक माझ्या चहात.

मग ते माझ्या दुकानाच्या पिशवीकडं वळले. आत एक चादर होती. ती बोटानं दाबली तर दबते. पण दोन पोरांना दोन टोकं धरून ओढायला लावली, पोरं लाल झाली, चप्पल घसरल्या, चादर होती तशी. ताणा-बाणा असा बसलेला असतो की एका धाग्यावर आलेला ताण शेजारचे शंभर धागे वाटून घेतात. भाकरीत वाटून घेणारं कुणी नसतं. एक तडा गेला की तो सरळ पलीकडं पोचतो.

तेव्हापासून कट्ट्यावर तीन शब्द चालतात. कडक: ओरखडा उठत नाही. चिवट: तुटत नाही. आणि भरून येणारा: तुटतो, पण परत जुळतो. तुमचा हिरो यातल्या कुठल्या खात्यात बसतो ते सांगा, मग बोलू.

ताकद जास्त म्हणजे दणकटपणा जास्त, असं नाही का?

बऱ्याचदा दोन्ही एकाच अंगात असतात, म्हणून घोटाळा होतो. मार्व्हल या कॉमिक कंपनीनं १९८३ साली आपल्या पात्रांची हँडबुकं काढायला सुरुवात केली. कोण किती टन उचलतो याचे आकडे त्यांत दिलेले असतात. स्पायडरमॅन १० टन, थिंग ८५ टन, हल्क आणि थॉर १०० टनांच्या वरच्या वर्गात. कॅप्टन अमेरिका ८०० पौंड, म्हणजे साधारण ३६० किलो, माणसाच्या हद्दीतला शेवटचा टप्पा. शाळकरी पोरांना हे तक्ते तोंडपाठ आहेत आणि वाद तिथंच मिटला असं त्यांना वाटतं.

पण हा आकडा उचलण्याचा आहे, सोसण्याचा नाही. स्पायडरमॅन १० टन उचलतो, आणि सुरी लागली की रक्त येतं, फासळी मोडते, सर्दीसुद्धा होते. वस्ताद म्हणतात, तालमीत दोन प्रकारची पोरं येतात. एकाच्या हातात जोर असतो, पण पाठीवर पडला की उठायला वेळ लागतो. दुसरा जोर-बैठकांत मागं, पण दहा वेळा आपटा, अकराव्यांदा माती झटकत समोर. खुराक दोघांचा सारखाच.

सुपरमॅन विरुद्ध हल्क. निकाल द्या.

हा प्रश्न आल्याशिवाय एकही रविवार गेलेला नाही.

आधी कुठला सुपरमॅन ते ठरवा. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये आणलेला पहिला सुपरमॅन उडत नव्हता, उड्या मारायचा. एका उडीत साधारण २०० मीटर. म्हणजे सिद्धेश्वर तलाव ओलांडायचा तर पठ्ठ्याला मध्ये पाय टेकायची पंचाईत. त्याच्या कातडीबद्दल त्या पहिल्या अंकात लिहिलं होतं की फुटणाऱ्या तोफगोळ्याहून कमी कशानं ती भेदली जात नाही. याचा सरळ अर्थ, तोफगोळ्यानं भेदली जाते! पुढच्या काही दशकांत लेखकांनी त्याला इतका वाढवला की तो ग्रह ढकलू लागला, आणि मग गोष्टीत काही थरार राहावा म्हणून त्याला दुखणारी वस्तू शोधावी लागली. क्रिप्टोनाइट आधी रेडिओवरच्या मालिकेत आलं, १९४३ साली. कॉमिकमध्ये यायला १९४९ उजाडलं. जादूपुढंही त्याचं काही चालत नाही. आणि सगळं बळ सूर्याकडून येतं, त्यामुळं आमच्या चहावाल्या मामांचं ठाम म्हणणं आहे की मे महिन्यात सोलापुरात लढत ठेवली तर सुपरमॅनला हरवणारा जन्माला यायचाय. ४४ अंश. दुपारी बारा. पार्क मैदान.

हल्कचं गणित उलटं. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला आणला तेव्हा तो राखाडी होता. छपाईत तो रंग एकसारखा उमटेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. राग चढेल तशी ताकद चढते, आणि वरची मर्यादा कुणी सांगितलेली नाही. म्हणजे पहिल्या मिनिटाला सुपरमॅन भारी, तासाभरानं काय होईल ते सांगता येत नाही.

छापील निकाल हवा असेल तर तोही आहे. १९९६ मध्ये सुपरमॅनची कंपनी डीसी आणि हल्कची कंपनी मार्व्हल यांनी मिळून चार अंकांची मालिका काढली, त्यातल्या पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर ठेवला होता. ही त्यातलीच एक, आणि सुपरमॅन जिंकला. पण याच मतदानानं वुल्व्हरिनला लोबो या परग्रहावरच्या गुंडावर जिंकवलं. वुल्व्हरिन हा लोबोपुढं कुठल्याही तक्त्यात बसत नाही. पण तो लाडका होता. नगरसेवकाची निवडणूक आणि कुस्तीचा निकाल या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच म्हणतो.

माझं मत: कडकपणात सुपरमॅन, चिवटपणात हल्क. १९९२ च्या अखेरीस डूम्सडे नावाच्या राक्षसानं सुपरमॅनला ठोसे मारून मारून संपवला. डूम्सडेही त्याच लढतीत पडला, ते खरं. पण कडक वस्तूचं असंच असतं, तडा जाईपर्यंत काही होत नाही, आणि गेला की भाकरी.

वुल्व्हरिन मरतच नाही. मग तोच पहिला ना?

हे विचारणाऱ्याला आम्ही जरासंधाची गोष्ट सांगतो.

भीमानं जरासंधाला उभा चिरला, दोन फाका दोन बाजूंना टाकल्या, आणि त्या सरकत येऊन जुळल्या. पुन्हा चिरला, पुन्हा जुळला. शेवटी कृष्णानं काडी चिरून तुकडे उलटसुलट टाकून दाखवले आणि भीमानं तसंच केलं. आता सांगा, जरासंध दणकट होता का? भीमाच्या हातानं तो दर वेळी फाटतच होता की. तो होता भरून येणारा. वुल्व्हरिन त्याच घराण्यातला.

१९७४ मध्ये हल्कच्याच एका अंकात तो पहिल्यांदा दिसला. हाडांवर अ‍ॅडमँटियम या न मोडणाऱ्या धातूचा थर, म्हणजे हाड मोडत नाही. पण वरचं मांस तुमच्या-माझ्यासारखंच आहे. गोळी घुसते, आग भाजते, फक्त लवकर भरून येतं. १९९३ मध्ये धातू ओढण्याची शक्ती असलेल्या मॅग्नेटोनं ते सगळं अ‍ॅडमँटियम अंगातून ओढून काढलं तेव्हा कळलं की पंजेसुद्धा मुळात हाडाचेच आहेत. धातू हे वरून दिलेलं कवच. कर्णाची कवचकुंडलं निदान जन्मासोबत आली होती.

शाळकरी पोरांतल्या धाकट्याची एक शंका मात्र मला आजवर सुटलेली नाही. कवटी मोडत नाही हे मान्य, पण आतला मेंदू तर मऊच. हल्कनं डोक्यात ठोसा घातला की स्टीलच्या डब्यात पेढा हलवल्यासारखं होणार. डब्याला पोचा नाही, पेढ्याचा भुगा. भरून येतो म्हणून वाचतो, दुसरं काय.

डेडपूलला हेच उत्तर लागू. रक्तबीजालाही.

मग आमच्या यादीत हनुमान आणि भीम का नाहीत?

दाखले म्हणून चालतात, स्पर्धेत घेत नाही. एकदा घेतले होते. कुणाच्या तरी आजीच्या कानावर गेलं.

वंडर वुमन एवढी दणकट आहे तर मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या का अडवते?

हा प्रश्न बारावीच्या मुलीनंच विचारला आणि स्वतःच सोडवला. खरं तर त्या दिवशी आमच्या तीन शब्दांना माराच्या दोन तऱ्हा जोडाव्या लागल्या.

ती म्हणाली, काका, ती चादर द्या. पर्समधून सेफ्टी पिन काढली आणि चादरीतून आरपार घातली, काही जोर न लावता. दोन पोरांना जी फाटली नाही ती चादर. तिचं म्हणणं असं की मार दोन तऱ्हेचा असतो. एक बोथट: ठोसा, धडक, उंचावरून पडणं. तो मोठ्या जागेवर पसरतो. दुसरा टोकदार: गोळी, बाण, भाला. सगळा जोर सुईच्या टोकाएवढ्या जागेवर. वंडर वुमन सुपरमॅनच्या तोलाचे ठोसे खाते, पण तिच्या अनेक कथांत धारदार आणि टोकदार वस्तू तिला लागतात. १९४१ पासून ती कडी हातात आहेत त्याला हे कारण पुरतं. चादर आहे ती, पिन लागते.

जॉबरनं तिला त्या दिवशी चहा पाजला. पिनचं भोक असलेली चादर मला विकता आली नाही, ती आता घरी आहे.

ल्यूक केजची कातडी भेदता येत नाही. त्याला इंजेक्शन कसं द्यायचं?

नाही देता येत. १९७२ पासूनच्या या गड्याची खरी अडचण हीच आहे. आत काही बिघडलं तर डॉक्टरच्या सुरीची धार जाते, त्याचं पोट उघडत नाही. कातडी कडक असणं हे वरदान आहे की शाप, ते अपेंडिक्स दुखल्यावर ठरवावं.

थिंग एवढा आवडायचं कारण काय? तो तर हल्ककडून हरतो.

हरतो. जवळजवळ दर वेळी. हे मला रविवारी सात-आठ जणांसमोर मान्य करावं लागतं, इथंही करतो.

थिंग म्हणजे बेन ग्रिम, १९६१ चा, हल्कपेक्षा वर्षानं मोठा. अंग दगडी, नारिंगी, भेगा पडलेल्या ओढ्याच्या तळासारखं. १९६३ मध्ये दोघं पहिल्यांदा भिडले. पण बघायची ती १९६४ ची लढत, दोन अंक चाललेली. त्याचे फँटास्टिक फोरमधले साथीदार आजारी किंवा जखमी, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर हा जवळजवळ एकटा. हल्क ताकदीनं वरचढ आहे हे पहिल्या काही पानांतच बेनला कळतं. त्यानंतरची सगळी पानं तो हे माहीत असून लढतो. पडतो, उठतो. पूल, गोदी, इमारती, काय हाताला येईल ते वापरतो. हल्कचा राग वाढतो तसं बळ वाढतं. बेनचं बळ दर पानाला कमी होतंय, आणि तरी तो पुन्हा समोर.

वस्तादांनी उभ्या आयुष्यात इंग्रजी कॉमिक वाचलं नव्हतं. मी हे अंक त्यांना चित्रं दाखवत, मराठीत सांगत ऐकवले. ते बराच वेळ एका चित्रावर थांबले, जिथं बेन गुडघ्यावर आहे आणि एक हात जमिनीला टेकलाय. म्हणाले, "याला बघ, उठताना आधी हनुवटी खाली घेतोय. हा शिकलेला आहे बे." मी ते चित्र शंभर वेळा पाहिलं होतं, हनुवटी कधी दिसली नव्हती.

कडक, चिवट, भरून येणारा यांतल्या एकाही रकान्यात बेन पहिला येत नाही. मला तक्ताच चुकीचा वाटायला लागतो.

बॅटमॅनला तयारीला वेळ मिळाला तर?

हे वाक्य कट्ट्यावर उच्चारणाऱ्यानं सगळ्यांचा चहा द्यायचा असा नियम आहे. प्रश्न मार खाण्याचा आहे. १९९३ मध्ये बेननं (हा वेगळा बेन, मास्कवाला) त्याचं कंबरडं मोडलं. माणूस आहे, मोडणारच.

सुपरमॅन पडणाऱ्या माणसाला हवेत झेलतो. त्याच्या दगडी हातांवर आपटून तो माणूस मरत नाही का?

शंका रास्त आहे, हिशोब करू. वीस मजले, साधारण ६० मीटर. खाली पोचेपर्यंत वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. सुपरमॅननं हात अर्धा मीटर खाली घेत झेललं असं धरा. ६० मीटरांत जमवलेला वेग अर्ध्या मीटरात संपवायचा, म्हणजे वजनाच्या १२० पट जोर. ६० किलोच्या माणसावर सात टनांहून जास्त. रस्त्यावर पडण्यापेक्षा थोडं बरं, इतकंच.

म्हणजे झेलणारा जितका कडक तितका झेलला जाणारा संकटात. वाचवायचं असेल तर त्याच्याबरोबर खाली जात जात हळूहळू वेग कमी करायला हवा. काही लेखक हे आठवणीनं दाखवतात. आणि १९७३ मध्ये स्पायडरमॅनची मैत्रीण ग्वेन स्टेसी हिच्या बाबतीत तर हीच गोष्ट कथेचा काळजाला लागणारा भाग झाली. स्पायडरमॅनचं जाळं तिला पकडतं, पण झटका मानेला बसतो. पोरांना वाटतं बळ असलं की वाचवता येतं. आगीतून उडी मारणाऱ्याखाली लोक चादर धरतात, लोखंडी पत्रा धरत नाहीत.

आपल्याकडचे कुठं बसतात? नागराज, ध्रुव, डोगा, वेताळ, साबू?

यांना विसरणाऱ्याला माझ्या शेजारी जागा नाही. आम्ही इंग्रजी कॉमिक मोठेपणी बघितली. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत मिळालेले पैसे पाळण्यावर न घालवता जुन्या पुस्तकांच्या गाडीवर घालवायचो.

नागराज, १९८६ चा: रक्तात डोळ्यांना न दिसणारे साप, जखम तेच भरतात. सरळ जरासंध खातं, वर विष फुकट. वुल्व्हरिनसमोर उभा केला तर पहिल्या फुंकरीत काय होईल यावर आमचे दोन रविवार गेलेत. सुपर कमांडो ध्रुव, १९८७: काहीच शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा. डोगा तालमीत कमावलेला, म्हणून वस्तादांचा जीव त्याच्यावर. पण गोळी त्यालाही लागते.

वेताळाची, म्हणजे फँटमची, गंमत वेगळी. ली फॉकनं १९३६ मध्ये निर्माण केलेला हा, आपल्याकडं १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून आला. लोक त्याला चारशे वर्षं जिवंत समजतात. खरं म्हणजे बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आत्ताचा एकविसावा. एकेक माणूस मरतो, वेताळ मरत नाही. जॉबरचं म्हणणं, हा पेठेतल्या जुन्या दुकानासारखा आहे. पाटी आजोबांची, गल्ल्यावर नातू.

चाचा चौधरीच्या धिप्पाड साबूबद्दल थोडं भौतिकशास्त्र. माणसाची उंची दुप्पट केली तर वजन आठपट होतं, पण हाडाची जाडी, म्हणजे कापल्यावर दिसणारं क्षेत्र, चौपटच. म्हणून उंच होणाऱ्याची हाडं आधी कुरकुरतात. पण साबू गुरू ग्रहावरचा. तिथं पृथ्वीच्या अडीचपट गुरुत्वाकर्षण. अशा जागी वाढलेला माणूस इथं आला की त्याला बुचासारखं हलकं वाटणार. (गुरूला उभं राहायला जमीनच नाही, सगळा वायू, हे कारकूनसाहेबांनी एकदा काढलं होतं. त्यांना गप्प बसवण्यात आलं.)

पुरावा म्हणून काय धरता?

छापील पान. "मी सिनेमात बघितलंय" याला अर्धं वजन, मोबाईलवरच्या रीलला शून्य. एखाद्या पात्रानं साठ वर्षांत एकदाच सूर्य उचलला असेल तर तो त्या महिन्याच्या लेखकाचा पराक्रम, पात्राचा नव्हे. नेहमी काय झेपतं ते बघायचं. पहिलवानाची किंमत एका कुस्तीवर करत नाहीत.

भांडण झालं तर?

होतंच. मराठीत सुरू होतं, तापलं की कानडी आणि तेलुगूत जातं. तीन भाषांत हल्कला शिव्या बसल्या की मामा टपरीचा दिवा बंद करतात.

यायचं असेल तर काय आणायचं?

तुमच्या हिरोचं एक पान, फोटो काढून आणलेलं चालेल. शेंगा चटणी कुणीतरी आणतंच. भाकरी आणणार असाल तर दोन आणा, एक वस्ताद फोडतात.